रुमालाची उलटी बाजू

फार पूर्वी मी नवी कोरी सुई होते. डोक्याला भोक असूनही स्वतःला हुशार समजायची.

चंपाक्का कसुतीचं जुनं भरतकाम शिकायला बसल्या. नमुन्याला जुनं इरकली लुगडं आणि भरायला इवलासा रुमाल. त्यावर गोपूर उमटलं, तशी मी लुगड्याला म्हणाले, "आजी, तुमची शंभर वर्षं मी एका दुपारात गाठली!"

"कसुतीत गाठ मारत नाहीत, पोरी. दोन्ही बाजू सारख्या दिसतात. रुमाल उलटू दे, मग बोल."

चंपाक्कांनी रुमाल उलटला. मागे गाठींचं नुसतं जंगल! मी लगेच दोऱ्यावर खापर फोडलं.

दोरा म्हणाला, "बाई, तू नेलंस तिथं मी आलो."

चंपाक्कांनी सगळं गोपूर उसवलं.

तेव्हापासून मी फार नम्र झालेय. भेटेल त्या टाचणीला तसं बजावून सांगते.