थिजलेलं तेल

“मग सगळ्यांत उत्तम इंजिन कुठलं म्हणायचं?” सोमगिरीबुवांनी विचारलं.

हेरंब मयेकर हसला. मोटारींची इंजिनं बनवणाऱ्या परदेशी कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता, आणि तो हुद्दा काही मठाच्या पायरीवर चपलांपाशी ठेवून आला नव्हता.

“असं नसतं, बुवा. आधी देश बघायचा. ब्राझीलमध्ये ऊस मुबलक, तिथं गाड्या उसाच्या अल्कोहोलवर पळतात. जपानात गल्ल्या अरुंद, तिथं इंजिन एवढंसं. अमेरिकेत रस्ते लांबच लांब, लोकांना भलंमोठं इंजिन लागतं. मी राहतो त्या नॉर्वेत धबधब्यांची वीज. तिथं बहुतेक जण नवी गाडी विजेचीच घेतात.”

“आणि इथलं इंजिन उचलून तसंच तिथं नेलं तर?”

“शुद्ध वेडेपणा! कडाक्याच्या थंडीत डिझेलसुद्धा थिजतं, बुवा. तिथली हवा, तिथली माणसं, सगळं आधी विचारून घ्यावं लागतं. न विचारता नेलेलं इंजिन बंद पडणारच.”

“वा! अभ्यास दांडगा आहे तुझा.”

हेरंब खरं तर इंजिनांसाठी आलाच नव्हता. खाली समुद्राकाठच्या गावात त्याची आई सुलोचनाबाई एकटी. तिला नॉर्वेला न्यायचं त्यानं ठरवलं होतं. तिकिटं काढली, घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. आई मात्र जागची हलेना. पण सुलोचनाबाई बुवांच्या शब्दाबाहेर नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून ही स्वारी काल घाट चढून मठात मुक्कामाला आली होती.

“तुम्ही नुसतं ‘जा’ म्हणा. ती निघेल.”

“ती काय म्हणते?”

“तिला काय कळतंय! म्हणते, माडांना पाणी कोण घालील? तिकडं सगळं आहे, बुवा. उबदार घर, हाकेवर दवाखाना. इथं एकटी पडली-झडली तर? मला तिकडं घास गोड लागत नाही हो...”

हे मात्र तो अगदी पोटातून बोलला. डोळे भरून आले होते त्याचे.

बुवांनी देवापुढच्या नंदादीपाची वात सारखी केली.

“दिव्याचं तेल आणलंस?”

मठाची रीतच ती. येणाऱ्यानं आपल्या घरचं तेल नंदादीपात घालायचं. देशावरचे लोक करडईचं आणतात, कोकणातले खोबरेल. आईनं घरच्या नारळांचं तेल बाटलीत भरून दिलं होतं. ती बाटली रात्रभर गाडीतच राहिली, आणि घाटमाथ्यावरची पौषातली थंडी म्हणजे काय विचारता!

हेरंबनं ती गाडीतून आणून नंदादीपाच्या समईवर उपडी केली. थेंब पडेना. हलवली, बुडावर थापट्या मारल्या. छे! आत सगळं पांढरं, घट्ट.

“थिजलंय,” तो ओशाळून म्हणाला.

“काल खाली कसं होतं?”

“पाण्यासारखं.”

“मग तेल वाईट म्हणायचं का?”

“वाईट कसं असेल? आईनं स्वतः...”

त्यानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

बुवांनी बाटली त्याच्या दोन्ही तळहातांत दिली आणि त्याचे हात त्याच्या छातीशी टेकवले.

“धर असं.”

“चुलीपाशी ठेवू का? लगेच होईल.”

“चुलीची ऊब नको. तुझी दे.”

हेरंब मांडी घालून बसला. बाटली बर्फासारखी गार होती, बोटं बधिर व्हायला लागली. समोर नंदादीपाची ज्योत बारीक होत चालली होती...

त्यानं घड्याळ पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. खिशात फोन थरथरला, थांबला, परत थरथरला.

“किती वेळ लागेल, बुवा?”

“वितळेपर्यंत.”

“ऑफिसची माणसं खोळंबलीत हो. एवढा वेळ बसायला सवड कुठाय मला?”

बुवांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. आवाज मऊ होता.

“मग तिकडं तिच्यासाठी कुठून आणशील रे, बाळा?”