घटाला घातलेला गहू

तुम्ही गहू कुणावर विश्वास ठेवून घेता? दाण्यावर, की दुकानदारावर? पीठ घेणारा दुकानदाराकडे पाहतो, कारण पिठात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. अख्खा गहू घेणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्याला कुणाच्या शब्दाची गरज नाही. तो मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, वास घेतो, एखादा दाणा दाढेखाली फोडून पाहतो. कट्‌कन आवाज आला की म्हणतो, माल वाळलेला आहे, बांधा. एवढी परीक्षा करूनही दाण्याच्या पोटातली एक गोष्ट त्याला कळत नाही. ती फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. ही कथा त्या एका गोष्टीची.

एका नदीकाठच्या पेठेत एकदा एक धान्याचा व्यापारी होता. बोलायला गोड, मापाला चोख. गिऱ्हाईक पोत्याशी वाकायच्या आधीच तो सांगे, "मावशी, हा पोळीला घ्या, तो लापशीला. खिरीला हवा असेल तर खपलीच न्या. दुसरा घातलात तर तुमची खीर आणि माझी अब्रू दोन्ही पातळ होतील." बायका हसत आणि तो सांगेल तो गहू नेत. दुकान बंद केलं की तो पेठेबाहेरच्या देवळात ओवरीत राहणाऱ्या एका वृद्ध सत्पुरुषाकडे जाऊन बसे. त्यांना सगळे बाबा म्हणत. व्यापारी त्यांचा जुना शिष्य. बाबा स्वतःचं अन्न स्वतः रांधत, शिष्याला आधी जेवू घालत, आणि काय सांगायचं ते मग थोडक्यात सांगत.

एका वर्षी आषाढात व्यापाऱ्याच्या कोठाराचं छप्पर गळलं. पोती ओलावली आणि श्रावण संपता संपता गव्हात सोंडकिडे झाले. त्याने कडुनिंबाचा पाला घालून पाहिला, एरंडेल चोळून पाहिलं. उन्हात घालावा तर आभाळ उघडेना. शेवटी त्याने चुरमुरेवाल्याची भट्टी एका दिवसापुरती मागून घेतली आणि सगळा गहू विस्तवावर तापवून काढला. किडे मेले. दाण्याचा रंग पालटला नाही, वास लागला नाही. चाळून, पाखडून पुन्हा पोत्यात भरल्यावर तो पहिल्यापेक्षा देखणा दिसू लागला. घरी त्याची पोळी करून पाहिली. मऊ झाली, पदर सुटले. व्यापाऱ्याचं मन तिथेच निवांत झालं. यात फसवणूक कसली? खडे मिसळले नाहीत, माप मारलं नाही. भट्टीची गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही, कारण तापवलेला गहू म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडणार.

नवरात्राच्या आदल्या दिवशी कावेरी दुकानात आली. कासारगल्लीतल्या बयाक्कांची ही नवी सून. लग्नानंतरचं तिचं पहिलंच नवरात्र.

"अण्णा, घटाला घालायला गहू द्या. मूठभरच. सासूबाईंनी यंदा घट माझ्या हाती दिलाय."

"म्हणजे बढती झाली."

"बढती कसली, परीक्षा आहे," ती हसून म्हणाली. मग पोत्यात हात घालून दाणे बोटांतून खाली सोडत क्षणभर थांबली. "हा उगवेल ना चांगला? आमच्याकडे घटात दुसरं काही घालत नाहीत. निव्वळ गहूच."

व्यापाऱ्याचा हात मापावर होता. तिच्यामागे चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. शेजारच्या दुकानातून मूठभर गहू आणून देणं सहज जमलं असतं; पण मग का, तेही सांगावं लागलं असतं, आणि तेही चौघांच्या देखत.

"डोळे झाकून घाल, पोरी," तो म्हणाला. त्या मुठीचे पैसेसुद्धा त्याने घेतले नाहीत.

पेठेतल्या इतर घरांत घटाला सात धान्यं घालत. गहू मातीत तसाच पडून राहिला तरी ज्वारी, मूग, जव वर आले, आणि त्या हिरव्या दाटीत कुणाला काही उणं दिसलं नाही. बयाक्कांच्या देवघरातली माती मात्र काळीच राहिली. कावेरी पहाटे उठून पाणी घाली, जाता-येता वाकून पाही. बयाक्कांनी आधी धीर धरला. मग पाणी जास्त झालं म्हणून रागावल्या, मग कमी झालं म्हणून रागावल्या, आणि नंतर त्यांनी बोलणंच सोडलं. दसऱ्याला देवापुढे ठेवायला कोंब नव्हता. त्यानंतर काही दिवसांतच कावेरीचे सासरे छातीत कळ येऊन गेले.

तेरावं झालं आणि बयाक्कांनी सुनेला तिच्या भावाबरोबर माहेरी धाडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. उंबऱ्यात उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "हिच्या हाताला उगवत नाही." मुलगा आईच्या मागे खाली मान घालून उभा होता. दिवेलागणीच्या आत ते वाक्य सगळ्या पेठेत पोचलं.

व्यापाऱ्याच्या कानी ते दुकानातच आलं. "पोरगी दिसायला सालस होती हो अण्णा," गिऱ्हाईक म्हणालं. "पण पाय पांढरा निघाला."

"असतं एकेकाचं नशीब," व्यापारी म्हणाला. दुसरं एक वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते त्याने गिळलं.

त्या संध्याकाळी बाबांपुढे बसून तो म्हणाला, "बाबा, मन लागत नाही."

"कशात?"

"कशातच."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "उद्या येताना तुझ्या दुकानातला गहू आण. त्या दिवशी देखणा म्हणत होतास ना, तो."

व्यापाऱ्याने नेऊन दिला. बाबांनी त्याचे तीन वाटे केले. एक दळून त्याच्या पोळ्या भाजल्या. दुसरा भिजत घातला, आणि दुसऱ्या दिवशी कांडून, गूळ घालून त्याची खीर शिजवली. तिसरा परळात, म्हणजे मातीच्या पसरट ताटलीत, पेरला आणि त्यावर पाणी शिंपडलं. पोळी खाताना म्हणाले, "गहू छान आहे." खीर खाताना म्हणाले, "फारच छान आहे." आणि परळ उचलून व्यापाऱ्याच्या बसायच्या जागेसमोर ठेवलं.

तेव्हापासून व्यापारी रोज येई आणि ते परळ पाही. बाबा नेमाने पाणी घालत. पुढे त्या मातीला कुबट वास येऊ लागला. देवळात येणारे लोक थट्टा करत, "बाबा, देवाची वाट पाहताय की गव्हाची?"

"गव्हाची," बाबा म्हणत. "माझ्या शिष्याच्या दुकानातला आहे. त्यात खोट नसणार. मातीच वाईट असेल." त्यांनी माती बदलली, आणि त्याच गव्हाचे दाणे पुन्हा पेरले. काही झालं नाही. मग म्हणाले, पाणी खारं असेल. आणि म्हातारपणी धापा टाकत दूरच्या विहिरीवरून घागर आणू लागले. व्यापारी खाली पाहत बसे. घागर उचलायला पुढे व्हावं तर हात धजत नसे.

एका संध्याकाळी बाबांनी परळावर पाणी घातलं, आपले सुरकुतलेले हात दिव्यापुढे धरले, उलटसुलट करून पाहिले आणि हळूच म्हणाले, "माती बदलली, पाणी बदललं. आता उरले हे. माझ्याच हाताला उगवत नाही."

"बाबा, असं म्हणू नका." व्यापाऱ्याचा आवाज फुटला. "तो उगवायचा नाही. तुमच्या नाही, कुणाच्याच हाताला नाही. मी तो भट्टीत तापवलाय."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "हे मला कशाला सांगतोस? मला कुणी माहेरी धाडलेलं नाही."

व्यापाऱ्याने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"संशय होता. पहिल्यांदा उगवला नाही तेव्हाच बयाक्कांकडे जाऊन आलो. म्हटलं, सुनेच्या हाताचा दोष नाही, गहूच मेलेला असावा. त्या म्हणाल्या, बाबा, तो कशाने मेला ते तुम्ही पाहिलंत का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग दया म्हणून बोलताय."

"मला विचारायचं होतंत."

"तू म्हणाला असतास, गहू चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी कासारगल्लीत गेला आणि बयाक्कांपुढे उभा राहून त्याने सगळं सांगितलं. बयाक्का सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले, पण मान वर झाली नाही.

"मग हे कशाने गेले?" त्यांनी विचारलं.

व्यापाऱ्याला त्या घटकेला कळलं की म्हातारीला इतके दिवस निदान एक कारण होतं, आणि आता तेही राहिलं नव्हतं. बयाक्कांनी सूप बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला. तिच्यासमोर बोला."

कावेरीचं माहेर नदीपलीकडे. अंगणात पाऊल टाकताच व्यापाऱ्याची नजर कुंपणाच्या भिंतीकडे गेली. भिंतीवर करवंट्या ओळीने मांडल्या होत्या, आणि एकूणएक करवंटीत काळी माती होती. कुठे ओली, कुठे भेगाळलेली. हिरवं काही नव्हतं.

"रोज पेरते," कावेरीची भावजय हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणते, एकदा तरी उगवू दे, मग मी कुणाला काही विचारणार नाही. नको म्हटलं तरी ऐकत नाही."

"गहू कुठला?" व्यापाऱ्याने विचारलं.

"तुमच्याच दुकानातला. आम्ही दुसरीकडे कुठे जातो?"

कावेरी दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली. आत पाळण्यात भावजयीचं तान्हं बाळ रडू लागलं. ती पाळण्याच्या हातभर अंतरावर होती, पण हलली नाही. "वहिनी, बाळ उठलंय," तिने हाक मारली, आणि भावजय धावत आत गेली.

व्यापाऱ्याने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी ते जास्त कठीण गेलं. ती ऐकत राहिली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, अण्णा."

"हो."

"मागे माणसं उभी होती, म्हणून?"

"हो."

तिने मान हलवली. एखाद्याने भाव सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा, तशी. बयाक्का पुढे झाल्या. "चल पोरी, घरी चल. चूक झाली माझी."

"येते की. न येऊन कुठे जाणार?" कावेरी म्हणाली. "पण घट आता माझ्या हाती देऊ नका."

व्यापाऱ्याने बाबांकडून जिवंत गव्हाची पुरचुंडी आणली होती. त्याने एक करवंटी घेतली, ताजी माती भरली, दाणे पेरले आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. "तू घाल. उगवेल. मी शपथ घेतो."

तिचे हात पदराखालून बाहेर आले नाहीत. "तुम्हीच घाला," ती म्हणाली.

त्याने पाणी घातलं. चारपाच दिवसांनी कावेरीचा भाऊ दुकानात आला. करवंटीत बोटभर कोंब आल्याचं त्याने सांगितलं. व्यापाऱ्याने अधीर होऊन विचारलं, "कावेरी काय म्हणाली?"

"म्हणाली, अण्णांच्या हाताला उगवलं."

त्या संध्याकाळी व्यापारी बाबांकडे गेला. मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालेलं नव्हतं. बाबांनी त्याच्यासमोर वाटीभर खीर ठेवली. तोच भट्टीतला गहू. व्यापारी खाऊ लागला.

"गोड आहे?"

"आहे."

"पोट भरतंय?"

"भरतंय."

मग बाबा म्हणाले, "खरं बोलणं हेही धान्यच आहे, बाळ. तिने मागितलं त्या घटकेला दिलं असतंस तर ते तिच्या देवघरात उगवलं असतं. तू ते आपल्या भीतीच्या विस्तवावर ठेवलंस. नंतर दिलंस तेव्हाही ते खरंच होतं; रंग पालटला नव्हता, वास लागला नव्हता. पेठेला त्याचा उपयोग होईल. बयाक्कांना झाला. तुझीही भूक थोडी शमली. पण ज्या पोरीसाठी ते होतं, तिच्या ठायी ते रुजायचं नाही."

"मग सांगायला नको होतं का?"

"सांगायलाच हवं होतं. न सांगतास तर ती जन्मभर त्या करवंट्या भरत राहिली असती. खा तू. फक्त हा दाणा जिवंत आहे असं समजू नकोस."

व्यापाऱ्याने खीर संपवली.

पुढे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पोतं दाखवून सांगू लागला, हा पोळीला चालेल, खिरीला चालेल, पेरायला चालणार नाही. लोकांनी नाकं मुरडली, आणि ते पोतं बरेच दिवस दुकानात पडून राहिलं. कावेरी सासरी परतली. आजही ती त्याच दुकानातून गहू नेते. पूर्वीसारखी पोत्यात हात घालून दाणे बोटांतून खाली सोडत नाही. लांबूनच पिशवी पुढे धरते.

तुमचं दुकान असो वा नसो, देण्याघेण्याचा हिशेब प्रत्येकाच्याच माथी आहे. एवढीच विनंती आहे, तो खरा ठेवा. आणि ज्या दिवसाचा आहे, त्या दिवशीच मांडा.