येसूची पावलं

पाखाडीच्या पायऱ्या उतरून दमला असाल, तर टेका थोडं. मीही दमलोय. समोर वाहतोय त्या व्हाळाकाठच्या या काळ्या शिळेवर दोन खळगे दिसतात ना, त्यांना येसूची पावलं म्हणतात. हात लावा. तेलकट लागतील.

फार मागे इथे येसू आणि तिचा धाकटा भाऊ धाकू राहत, असे सांगतात. दोघंच होती. उन्हाळाभर येसू कोकमं फोडायची. साली वाळत घालायच्या, बिया टाकायच्या. मिठाचा आंबट रस दिवसभर पायांखाली असायचा. टाचांना भेगा पडल्या, चालली की जमिनीवर रक्त उमटायचं.

तिनं बिया राखून ठेवायला सुरुवात केली. अंगणात मुंग्या झाल्या. धाकू तापट. म्हणाला, "बाय, बियांचा काय लोणचा घालतलंस?"

"टाकू नको रे. बी ठेचली काय बोटां मऊ पडतत. बघ तरी हात लावन."

त्यानं हात लावला नाही. टोपली उचलली आणि व्हाळात ओतली.

येसू उठली. तशाच फाटक्या पायांनी व्हाळात उतरली, चिखलातून बिया वेचल्या आणि या शिळेवर बसून धुतल्या. भेगांत चिखल गेला. आठव्या दिवशी धनुर्वातानं ती गेली.

धाकूनं मग त्या बिया वाळवल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या. वर तेल आलं. थंड झाल्यावर लोण्यासारखं थिजलं. त्याचा मुठीएवढा गोळा घेऊन तो इथे आला. येसूच्या रक्ताचे दोन ठसे शिळेवर होते. त्यांवर तो गोळा चोळत राहिला. मरेपर्यंत रोज चोळला. दगड मऊ पडला म्हणे, आणि खळगे झाले.

आजही आमच्या वाडीत कोकमाची बी कोणी टाकत नाही. त्या तेलाला मुठेल म्हणतात. शहरातल्या बायका आता ते डबीत भरून नेतात, ओठांना लावतात, चेहऱ्याला लावतात. इथे मात्र पहिला गोळा भावानं बहिणीच्या टाचांना लावायचा, मगच बाकीचा वापरायचा.

ही गोष्ट माझी ताई सांगायची. माझ्यापेक्षा चांगली सांगायची. दरवर्षी मी म्हणायचो, उद्या लावतो गं, आणि ती स्वतःच लावून घ्यायची.

ज्याला बहीण नाही, त्यानं पहिला गोळा शिळेला लावायचा असतो. तुमच्या हाताला लागलं ते मी सकाळी लावलेलं. पुसू नका.