चार दाती

“मग अंगारा दाढेला लावायचा, का पोटाला?” भाऊजींनी विचारलं.

गिरीबुवा मठीच्या पायरीवर बसून हरभरे निवडत होते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, रावसाहेब. बारा वर्षांपासून बुवांचे शिष्य. बुवांना विचारल्याशिवाय आमच्या घरात काही होत नाही, हे ते चारचौघांत मान ताठ करून सांगतात.

त्या दिवशी त्यांनी बाजारातून खिलारी बैल घेतला होता. बाजाराच्या गावीच सरकारी दवाखाना. तिथं माझ्या थोरल्या जाऊबाईंची, शालनताईंची, सातव्या महिन्याची तपासणी होती. परतताना वाटेत मठी लागते. बैल टेम्पोत मागे, आम्ही दोघी पुढे. एका फेरीत दोन कामं. मठीत पहिला नमस्कार बैलासाठी झाला.

ताईंच्या हिरड्यांतून महिनाभर रक्त येत होतं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, या दिवसांत हिरड्या फुगतात, म्हणून तर ब्रश जास्त जपून करायचा, दोन्ही वेळा. आमच्याकडे उलटं झालं. रक्त दिसलं तसा सासूबाईंनी ब्रश बंद केला आणि हातात मिश्रीची डबी दिली. मग दाढ सुजली. दोन दिवस ताप, आणि पोटात फक्त पेज.

दाढेत पू आहे, आजच तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे जा, सिस्टरनी बजावलं होतं. कितवा महिना ते सांगा, ते बघून औषध देतात. पुवानं आईलाही त्रास, बाळालाही.

बाळंतपणाआधी दाताला हात लावायचा नसतो, असा निकाल भाऊजींनी दवाखान्याच्या दारातच दिला. मी टेम्पोत सिस्टरचं सगळं बोलणं पुन्हा सांगून पाहिलं. नव्या सुनेचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. फक्त ते आपल्याला सांगितलंय, असं कुणाला वाटत नाही.

“बैल केवढा?” बुवांनी विचारलं.

भाऊजी खुलले. “चार दाती, महाराज. तीन-साडेतीन वर्षांचा.”

“कशावरून?”

“तोंड उघडून बघितलं की. न बघता कोण घेतंय?”

आणि त्यांनी हवेतच दाखवलं. एका हातानं नाक धरायचं, दुसऱ्यानं खालचा ओठ ओढायचा. हिरड्या गुलाबी, कुठं डाग नाही, तोंडाला वास नाही. व्यापारी वय कसं लपवतात, तेही सांगून झालं.

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“हिची दाढ कुठल्या बाजूची?”

…

ताई पदर दोन्ही गालांवरून ओढून बसल्या होत्या. सुजलेलं तोंड लोकांना दाखवू नकोस, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. घरातले लोक त्यात धरायचे का, ते सांगितलं नव्हतं.

“उजव्या,” भाऊजी म्हणाले.

ताईंनी पदर सोडला.

डावा गाल लिंबाएवढा वर आला होता. कातडी ताणून चकाकत होती.

ताईंना तोंड उघडता येत नव्हतं.

…

“तालुक्याला जा,” बुवा म्हणाले. “आत्ता.”

“जातो की, महाराज. आधी बैल घरी सोडतो. नवं जनावर, उन्हात किती वेळ उभं राहील?”

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बैलाच्या पाठीवरून त्यांनी हातही फिरवला.

बुवा उठले. टेम्पोचा फाळका पाडला, कासरा सोडला, बैल खाली घेतला आणि मठीमागच्या सावलीत बांधला.

“हिला दाखवून आण. मग बैल ने.”

भाऊजींचा चेहरा उतरला. पण किल्ली लगेच हातात आली. ताईंसाठी इतकी घाई केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

टेम्पो सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“महाराज, अंगारा राहिला की.”

बुवांनी चिमूट उचलली आणि बैलाच्या कपाळाला लावली.

“ह्याला लावतो,” ते म्हणाले. “ह्याला काही झालेलं नाही.”