शंखात घातलेलं गाणं

खाडीच्या तोंडाशी, हिरव्यागार माडांच्या बनात पोवळी नावाची एक चिमुरडी राहायची. आई नव्हती हो तिला! होता तो एक बाबा, आणि तोही धुक्यात अडकलेला. गावच्या साऱ्या होड्या दर्यावर गेल्या आणि मागून असं दाट, पांढरंफेक धुकं उतरलं की पुढ्यातला माड दिसेना.

तिथली रीत अशी, की धुकं पडलं की बायकांनी किनाऱ्यावर उभं राहून गायचं. आवाजाच्या रोखानं होड्या घरी येत. पण या खेपेला गाऊन गाऊन साऱ्यांचे घसे बसले. शेजारची जनाकाकी डोळे पुसत म्हणाली, "पुरे गो पोरी. माजा राम्या बी तिकडंच हाय. दर्यानं नेलं सगल्यांना." एकेक करून बायका घरी गेल्या.

पोवळी मात्र हटली नाही. आईनं शिकवलेलं गाणं ती फाटक्या आवाजात गातच राहिली:

हल्लू हल्लू ये रं होडी,
खडक हाय डावीकडं,
चुलीवर कालवण निवतंय तुजं,
ये रं आमच्याकडं!

धुक्यातून कुणीच ओ देईना. पोवळीला रडू फुटलं. तिनं ओच्यातून आईनं जपलेलं टपालाचं तिकीट काढलं. कोळ्यांच्या गाण्यांचा मान म्हणून एकदा अशी तिकिटं निघाली होती. त्यावर निळा दर्या, केशरी होडी आणि गाणारी इवलीशी कोळीण. टपकन एक आसू तिकिटावर पडलं आणि काय नवल! चित्रातली कोळीण अंग झटकून उभी राहिली. परीच ती! पंख चंदेरी, आणि त्यांच्या कडा तिकिटासारख्या दातेरी.

"रडू नको गो बाय," परी म्हणाली. "एक इच्छा देते. पण नियम तिकिटाचाच. तिकीट लावून धाडता येतं, मागवता येत नाही. आणि धाडलेलं आपल्यापाशी उरत नाही."

"मग माझं गाणं बाबाला धाड."

"तू ते पार विसरशील हं!"

आईचं तेवढंच तर उरलं होतं! तरी पोवळीनं वाळूतला एक शंख उचलला आणि त्यात गाणं गायलं. आता बाबाचं नाव घेणार, तोच झोपडीतून जनाकाकीचा हुंदका ऐकू आला.

"परीताई, सगळ्यांना धाडलं तर?"

"तर वाटेत भेटेल त्याला मिळेल. तुझ्या बाबापर्यंत पोचेलच, असं नाही."

पोवळीनं डोळे घट्ट मिटले. "धुक्यात वाट चुकलेल्या सगळ्यांना," ती पुटपुटली, शंखाच्या तोंडावर तिकीट चिकटवलं आणि शंख दर्यात सोडला.

थोड्या वेळानं एक होडी आली. मग दुसरी. राम्यानं उडी मारली, तशी जनाकाकी धावतच सुटली.

"राम्यादादा, माझा बाबा?"

"नाय दिसला गो. कुनीतरी गात व्हतं, त्या रोखानं आलो."

साऱ्या होड्या आल्या, बाबाची तेवढी नाही. पोवळीनं गायला तोंड उघडलं, पण एक शब्द आठवेना. काय करून बसले मी, म्हणत ती वाळूत कोसळली. आता बाबाला हाक तरी कशानं मारायची?

तेवढ्यात धुक्यातून घोगरा आवाज आला, "हल्लू हल्लू ये रं होडी…"

"बाबा!"

बाबानं तिला छातीशी धरलं. "शंखातलं गानं मलाच आधी ऐकू आलं गो. पन मागं सगले चुकलेले. मग खडकापाशीच थांबलो, शेवटची होडी जाईस्तो गात राहिलो."

"छान आहे गाणं. कुणाचं हो?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिला. "तुज्या आयचं गो."

परी खुदकन हसली. "धाडलेलं मागवता येत नाही बरं का! पण कुणी आपणहून घेऊन आलं, तर घ्यावं." तिचे पंख लखलखले, सोनेरी उजेडात धुकं वितळलं आणि त्याच उजेडात परीही विरून गेली.

जनाकाकी वाफाळतं कालवण घेऊन आली. पण पोवळीला आधी गाणं हवं होतं. मग बाबानं तिला मांडीवर घेतलं आणि पहिली ओळ सांगितली.