कणही न बदलणारा महाल

एका राज्यात, जिथे डोंगरांनाही आपापलं मत असे, राजा सुषेणाचा महाल होता. त्याच्या पणजोबांनी कालंजय मांत्रिकाला आज्ञा केली होती, "माझ्या महालातला कणही बदलू नये." तेव्हापासून भिंतीत खिळा ठोकला की तो आपसूक बाहेर येई. दालनांत धूर कोंडे, वारा शिरत नसे. तरी येणारेजाणारे म्हणत, "वा! काय जतन केलंय!" हे ऐकून राणी मदयंतीचे कान किटले होते.

कारण घराण्यातली मुलं आजोळी जन्मून, मोठी होऊन येत; तिची लेक चंपावती मात्र त्या महालातच जन्मली, मंत्राने तिलाही महालाचाच कण धरलं आणि ती तान्हीच राहिली. वर्षं उलटली, तिला दात आला नाही, ती कुशीवर वळली नाही. महालाबाहेर नेलं की तिचा श्वास अडे.

राणी मनोऱ्यात कालंजयाकडे गेली; पणजोबांच्या काळापासून तो तिथेच होता. "मंत्र मागे घ्या. मला भिंतीत एक खिडकी पाडायची आहे."

"तीन कामं करा, राणीसाहेब. मग पाहू."

पहिलं काम, ज्याचे दगड महालाला लागले त्या डोंगराची अनुमती आणणं. डोंगराने विचार करायला अख्खा पावसाळा घेतला आणि "बरं" म्हणाला. दुसरं, पाताळातल्या यक्षिणीकडून गूळ, हिरडा नि बेलफळ घालून मळलेला चुना आणणं. यक्षिणीने मळायला राणीलाच बसवलं. तिसरं, शापित खजिन्यातली सोन्याची थापी आणणं. राखणदार नागाने ती दिली, पण आधी स्वतःची सगळी गाऱ्हाणी ऐकवली.

राणी परतली तेव्हा तिचे हात चुन्याने उलले होते. कालंजयाने सारं निरखलं. "उत्तम. आता खिडकी पाडा. मात्र महालाच्या मूळ रूपाला धक्का नको."

"खिडकी पाडायची आणि धक्का नको?"

"नियम म्हणजे नियम."

राणीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तरातरा अंगणात आली. तिथल्या झाडावर धनेश पक्षी बसला होता आणि त्याची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत अंडी उबवत होती.

"धनेशा, ही बाहेर कशी येणार?"

"वेळ झाली की स्वतःच भिंत फोडेल," धनेश म्हणाला. "पण लिंपलं तिथेच. झाडाला चोच लावणार नाही."

राणी आत गेली आणि भिंती ठोकून पाहू लागली. एके ठिकाणी आवाज पोकळ आला. रंग खरवडला तर खाली दगडी कमान होती, बांधणाऱ्यांनी मोकळी ठेवलेली आणि पणजोबांनी थंडी वाजते म्हणून विटांनी बुजवलेली.

"राणी, थांबा!" राजा धावत आला. "पूर्वज काय म्हणतील?"

"त्यांना म्हणावं, आधी एक दिवस या पोरीपाशी बसून दाखवा."

तिने थापीने विटा काढल्या. कमानीने भार तोलून धरला, एक दगड हलला नाही. कडा तिने चुन्याने लिंपल्या. वर कालंजय मंत्र पुटपुटू लागला. पण मूळ रूपात ही कमान उघडीच होती, त्यामुळे मंत्राला राखायला काही उरलं नाही आणि तो विरून गेला.

ऊन आत आलं. चंपावतीने कूस बदलली आणि टाहो फोडला. इतकी वर्षं दाबलेलं रडू राणीलाही आवरेना.

मग महालात धुरांडी आली, न्हाणीघरात पाणी आलं. जुनं धड होतं ते तसंच ठेवलं, खिळखिळं होतं ते सांधलं. गळकी छपरं पाहायचं काम कालंजयाला मिळालं. राज्य मार्गी लागलं.

चंपावती वाढू लागली आणि एके दिवशी पणजोबांच्या दालनाची भिंत तिने कोळशाने रंगवून ठेवली. राजा संतापून धावला. रेघोट्या कुठवर पोचल्यात ते पाहून तो थबकला. रेघोट्या त्याच्या कमरेच्याही वर गेल्या होत्या.

"पुसू का, महाराज?" दासीने विचारलं.

"नको," राजा म्हणाला. "राहू दे."