बुवांचं स्ट्रेचर

"मग तिघांची पद्धत एकच का नको, बुवा?"

कर्नल काटदऱ्यांचा आवाज चढला होता. लष्कर, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांची हेलिकॉप्टरं त्यांच्या हाताखाली एका पथकात आली होती. नौदलाचे लोक उतरल्याबरोबर हेलिकॉप्टर साखळ्यांनी बांधायचे, कोरड्या जमिनीवरसुद्धा! हवाई दलाचे एकेक तपासणी मोठ्यानं म्हणत बसायचे. काटदऱ्यांना ही सगळी थेरं वाटायची. उद्यापासून सगळ्यांनी लष्कराच्याच पद्धतीनं वागायचं, असा हुकूम ते सोडणार होते. नौदलाचे वैमानिक तांडेल यांनी तर त्या नुसत्या बातमीनंच बदली मागितली होती.

मुरकुटेबुवा हसले. तिन्ही दलांतल्या कितीतरी वैमानिकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर दाढी वाढली आणि सरांचे बुवा झाले.

"काहीतरी बोला, बुवा..."

बुवा उठले. हेलिपॅडच्या कडेला सरावाचं स्ट्रेचर पडलं होतं, त्यावर सरळ आडवे झाले.

"समजा, मला गोळी लागलीय. त्या हेलिकॉप्टरपर्यंत न्या. तांडेल, तूही ये. अन् हवाई दलाचे ते दोघे."

"चौघांनी उचलायचं...?" तांडेल चाचरले.

"उचला रे. तिरडी नव्हे ही."

काटदरे पुढे लागले. "लेफ्ट, राइट!" चौघांचे बूट एकदम पडू लागले. काय तो रुबाब! पण दर पावलाला स्ट्रेचर उसळी घेई आणि वर बुवांची हाडं खिळखिळी होत.

"पाऊल मोडा!" बुवा कण्हले. "ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं चला."

काटदऱ्यांच्या अगदी जिवावर आलं. जन्मभर पावलाला पाऊल जुळवलेलं. तरी त्यांनी चाल बदलली. मागे तांडेलांची पावलं भलतीकडेच पडत होती...

स्ट्रेचर शांत झालं. बुवांच्या छातीवरचा हातही आता हिंदकळेना.

एवढी साधी गोष्ट, आणि आपल्याला दिसली नाही! मनातल्या मनात काटदऱ्यांनी म्हाताऱ्याला कडक सलाम ठोकला. पण शंका काही जाईना. ते थांबले, मान वळवली.

"पण बुवा... पावलंच वेगळी, तर मग आम्ही चौघं एक कशात?"

बुवांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"थांबलास का रे? जखमी माणूस आहे मी. आधी मला पोचव."